जॉन स्टॉकटनने एकदाही एनबीए (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) विजेतेपद जिंकलं नाही, तरी त्याला महान गार्ड (चेंडू खेळवत चाली रचणारा खेळाडू) का मानतात?

कारण एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट (सहकाऱ्याला थेट बास्केट करू देणारे पास; 15,806) आणि सर्वाधिक स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणं; 3,265) हे दोन्ही विक्रम त्याच्याच नावावर आहेत. लीगची अधिकृत आकडेवारी पाहिली की अंतर लक्षात येतं: असिस्टमध्ये दुसरं कोणी 13,000 पर्यंतही पोहोचलेलं नाही. 1984 ते 2003 अशी 19 वर्षं तो एकट्या युटा जॅझ संघाकडून खेळला आणि त्यात जेमतेम 22 सामने चुकवले. मला तर हीच त्याची सर्वात मोठी कमाई वाटते. त्याचा संघसहकारी कार्ल मलोन येऊन बचावपटूला अडवायचा, स्टॉकटन मलोनला वळसा घालायचा आणि मलोन बास्केटकडे वळला रे वळला की चेंडू त्याच्या हातात. सगळ्यांना ठाऊक असूनही हा डाव थांबवणं अवघड जायचं. शिवाय 1992 आणि 1996 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेतच. 1997 आणि 1998 च्या अंतिम फेरीत मात्र जॅझ शिकागो बुल्सकडून हरले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, एकूण आकड्यांमध्ये दीर्घ कारकिर्दीचा वाटा मोठा आहे. दर सामन्यामागे असिस्टच्या सरासरीत मॅजिक जॉन्सन (11.2) त्याच्या (10.5) पुढे आहे.