तुऱ्याचा ऊस बेण्याला नको

प्रश्न (निपाणी भाग): शेजाऱ्याच्या को 86032 या जातीच्या उसाला दाट तुरा आलाय. बेण्यासाठी, म्हणजे लावायच्या कांड्यांसाठी, स्वस्तात देतो म्हणतो. दुकानदार सांगतो, कांड्या जिब्रेलिक ॲसिडच्या (वाढीच्या संजीवकाच्या) पाण्यात रात्रभर ठेवा, कांडीवरचे सगळे डोळे (कोंबाच्या कळ्या) फुटतील. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. फुकट दिला तरी नको.

तुरा म्हणजे उसाचं फूल. शेंडा फुलोऱ्यात गेला की नवं कांडं सुटत नाही. मग बाजूच्या डोळ्यांना पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात आणि आत दशी पडायला लागते, म्हणजे ऊस आतून पोकळ, कोरडा होतो. शेजाऱ्याच्या फडातला एक ऊस शेंड्याकडून कोयत्यानं उभा चिरून बघा. मधोमध पांढरी, कोरडी, कापसासारखी पट्टी दिसली तर तो ऊस बेण्याच्या कामाचा राहिला नाही. कोंब स्वतःच्या मुळ्या धरेपर्यंत कांडीतल्या साखरेवर आणि ओलीवरच जगतो. ती शिदोरीच संपलेली असेल तर बाटलीतलं औषध काय करणार? जिब्रेलिक ॲसिडनं कोंब लांबतो, मेलेला डोळा जिवंत होत नाही. दूधगंगेकाठी अशा लावणी मी कितीदा बघितल्या आहेत. तीन आठवड्यांनी लांब, पिवळट कोंब, शेतकरी खूश; दीड महिन्यानं सरीत नांग्याच नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा. तोवर दुकानदाराचं बिल चुकतं झालेलं असतं.

बेणं दहा-अकरा महिन्यांचं, लावणीच्या उसाचं (खोडव्याचं नव्हे), बेणेमळ्यातलं, म्हणजे खास बेण्यासाठी राखलेल्या फडातलं घ्या. डोळा फुगीर, हिरवट हवा. बुडख्याकडचे जुने, वाळके डोळे उशिरा फुटतात, तो भाग टाकून द्या. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या एकरी दहा हजार पुरतात. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, त्यात दहा मिनिटं, बस्स. चारशे ग्रॅम टाकून चौपट फायदा होत नाही. रात्रभर तर मुळीच ठेवायचं नाही. कांड्या निथळल्यावर ॲसेटोबॅक्टर या नत्र देणाऱ्या जिवाणूच्या द्रावणात अर्धा तास. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच पिंपात कालवू नका, जिवाणू मरतात. आणि लावणीलाच युरियाची पोती ओतू नका. नत्राचा दहावा हिस्सा तेव्हा पुरतो. मुळ्याच नाहीत तर खाणार कोण?

माझा आग्रह जुनाच आहे: स्वतःचा बेणेमळा करा. पुढच्या वर्षी एक एकर लावायचा असेल तर आज चार-पाच गुंठ्यांत संशोधन केंद्राचं बेणं लावा. संकेश्वरचं ऊस संशोधन केंद्र आपल्या बेळगाव जिल्ह्यातच आहे. तीन वर्षांनी बेणं बदला.

प्रश्न (चिकोडी भाग): खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) कुठं कुठं काणी, हा बुरशीचा रोग, दिसते. बाकीचा ऊस चांगला आहे. त्याचं बेणं चालेल?

उत्तर: नाही. उसाचं बेणं म्हणजे बी नव्हे, त्याच उसाचा तुकडा आहे. आईच्या अंगात जे असेल ते लेकीत जसंच्या तसं उतरतं: गोडी, उतारा आणि रोगही. वरून निरोगी दिसणाऱ्या डोळ्यात काणी लपलेली असते, ती नव्या लावणीत शेंड्यातून काळा, चाबकासारखा पट्टा होऊन बाहेर पडते; त्यालाच चाबूक म्हणतात. चाबूक दिसला की आधी त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, मगच कापा. नुसता हात लागला तरी काळी भुकटी उडते आणि चार सऱ्या पुढं जाते. बेट मुळासकट उपटून जाळा. फवारणीनं काणी जाते असं सांगणारा भेटला तर त्याचं ऐकू नका, पैसे वाया जातील. पायाभूत बेण्याला (ज्यापासून पुढचं बेणं वाढवतात त्याला) 54 अंशांची बाष्पयुक्त उष्ण हवा अडीच तास देतात, पण ते काम यंत्राचं. घरी कढईत करू नका, डोळे शिजतील.

प्रश्न (खानापूर भाग): तुऱ्याचं बी पेरलं तर?

उत्तर: बी असतं, अगदी बारीक, केसाळ. पण प्रत्येक दाण्याचं रोप वेगळं निघतं; एकही आईसारखं नसतं. म्हणून शेतकऱ्यानं ते पेरायचं नाही, संशोधकानं पेरायचं. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत 1912 पासून हेच चालतं. तुमचा 86032 असाच को 62198 आणि कोसी 671 यांच्या संकरातून आला. हजारो रोपांतून एखादं निवडायचं आणि मग पुढं कांडीनंच वाढवायचं, अशी ती रीत. जंगलाकडेच्या शेतात हौस म्हणूनही त्यात वेळ घालवू नका, रताळ्याचे वेल लावा.

सरकारी योजनांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. थोडक्यात: फ्रूट्स, म्हणजे कर्नाटक सरकारची शेतकरी नोंदणी, नसेल तर अर्ज पुढं सरकत नाही. आधार, जमिनीचा उतारा आणि बँक पासबुक घेऊन होबळीच्या (महसूल मंडळाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात, जा. तिथंच विचारा, यंदा काय उपलब्ध आहे. आणि युरियाबरोबर टॉनिकची बाटली घ्यायलाच लागेल असं कोणी दुकानदार म्हणाला, तर घेऊ नका. तशी सक्ती करता येत नाही. पक्की पावती मागा आणि कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.