टिनची बोट, ढिले रिव्हेट आणि कुजलेला ट्रान्सम

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की अमेरिका-कॅनडात तळ्यावर मासे धरायला जायचं असेल तर कुणाच्या तरी गॅरेजमागे पडलेली जुनी ॲल्युमिनियमची (तिलाच टिनची म्हणतात) बोट घ्या, नवी घेऊ नका. त्यावर एवढे मेल आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा कापला गेला असेल तर राग मानू नका.

प्रश्न: काका, 1970 च्या दशकातली 14 फुटी लुंड घेतली, मालक म्हणाला अजिबात गळत नाही. तळ्यात टाकली तर तासाभरात घोटे बुडतील एवढं पाणी. आत कुणीतरी ठिकठिकाणी सिलिकॉन फासलंय. फेकून देऊ का? (वाचक, सेंट क्लाउड, मिनेसोटा)

फेकू नका हो, लुंड म्हणजे तुमच्याच राज्यातली, न्यूयॉर्क मिल्स नावाच्या गावात 1948 पासून बनतेय आणि तो पत्रा तुमच्या नातवंडांना पण पुरेल. गळतात ते रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायला ठोकून बसवलेले धातूचे खिळे. या बोटी बांधायची पद्धतच विमानांची आहे, ग्रुमन ही लढाऊ विमानं बनवणारी कंपनी महायुद्ध संपताना ॲल्युमिनियमच्या कनू (वल्ह्याच्या लांबट होड्या) बनवायला लागली ती त्याच पत्र्या-रिव्हेटच्या कामावर. आता ट्रेलरवर आपटून आणि लाटांवर आदळून पन्नास वर्षांत रिव्हेट ढिला होणारच, त्यात नवल काय.

आधी गळती शोधा, अंदाजाने काही फासू नका. बोट ट्रेलरवरच ठेवा, ड्रेन प्लग (तळाचं पाणी सोडायच्या भोकाचं बूच) लावा आणि आत पाणी भरा, पण काठोकाठ नाही! पाणी घनफुटाला 62 पौंडांच्या वर भरतं, तळ 40 चौरस फूट धरला तर चार इंच पाण्यातच 800 पौंडांच्या वर वजन होतं, त्यामुळे तीन-चार इंच बास आणि बोटीचा तळ ट्रेलरच्या फळ्यांवर नीट टेकलेला पाहिजे. मग खाली आडवं होऊन टॉर्चने बघा, जिथे थेंब धरतो तिथे मार्करने गोल करा. पेन्सिल वापरू नका, त्यातल्या ग्राफाइटमुळे ओल्या ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

पाणी काढून बोट सुकली की ढिले रिव्हेट परत ठोकायचे. याला दोन माणसं लागतात, एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर हातोडीने बेताने ठोकायचं, जीव खाऊन नाही. बहुतेक रिव्हेट एवढ्याने बसतात. ज्याचं डोकंच झिजलंय किंवा भोक लांबट झालंय तो ड्रिलने काढून एक साइज मोठा घाला. आत हात पोचत नसेल तिथे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येतो तो) चालेल, पण बंद तोंडाचा आणि आतला खिळासुद्धा ॲल्युमिनियमचा असलेला, हार्डवेअरच्या दुकानातला साधा नको कारण त्याच्या मधूनच पाणी येतं आणि लोखंडी खिळा गंजतो तो वेगळा. घालताना 3एम 5200 सारख्या पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून घाला. ते पूर्ण सुकायला आठवडा लागतो, शनिवारी लावून रविवारी बोट पाण्यात असं करू नका.

सगळ्यात शेवटी, तेही वाटलं तर, आतून जोडांवर ग्लुविट सारखं पातळ इपॉक्सी ब्रशने फिरवा. पण त्याआधी ते सिलिकॉन खरवडून काढावं लागणार, त्याच्यावर जगातलं काहीच चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा आणि नंतर स्टीलची वायर ब्रश अजिबात लावू नका, लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि तिथूनच खराबी सुरू होते. नायलॉनचा किंवा स्टेनलेसचा ब्रश घ्या.

वेल्डिंग करून घेऊ का असं चौघांनी विचारलंय. पातळ रिव्हेटच्या बोटीला शक्यतो नको. ॲल्युमिनियम 660 डिग्रीला वितळतं पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 च्या वर, आणि धातू लाल न होता एकदम खाली गळून पडतो, म्हणजे नवशिक्याच्या हातात भोकाचं भगदाड होतं. शिवाय उष्णतेने शेजारच्या जोडांमधलं सीलंट जळतं आणि एक गळती बुजवून तीन नवीन.

प्रश्न: मोटर चालू केली की मागची पाटी हलते. आतलं लाकूड पार भुसा झालंय. डेक बांधताना उरलेलं प्रेशर ट्रीटेड लाकूड पडून आहे, तेच घातलं तर कुजणार पण नाही, बरोबर ना? (वाचक, लंडन, ऑंटारियो)

लाकूड कुजणार नाही, बोट जाईल! हिरवट ट्रीटेड लाकडात कुजू नये म्हणून तांबं भरलेलं असतं, आणि तांबं ओलं होऊन ॲल्युमिनियमला टेकलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. अमेरिकेत 2003 संपताना घरगुती वापरातून आर्सेनिकवालं लाकूड काढलं आणि त्याच्या जागी जे आलं त्यात तांबं अजूनच जास्त, कॅनडातही तेच. म्हणजे नवीन ट्रीटेड लाकूड जुन्यापेक्षा वाईट. मला आलेल्या फोटोंमध्ये ज्या बोटी खरोखर वाया गेल्यात त्या जवळजवळ सगळ्या अशाच, म्हातारपणाने नाही तर कुणीतरी मजबूत करायला म्हणून काहीतरी घातलं त्याने.

तुमचा ट्रान्सम, म्हणजे मोटर अडकवतात ती मागची पाटी, गेलाय हे नक्की करायला मोटर लावलेली असताना तिचा खालचा भाग धरून वरखाली हलवा, पत्रा आत-बाहेर झाला की समजा. जुनं लाकूड तुकड्यातुकड्यात निघालं तरी टाकू नका, जुळवून कागदावर आखणी करून घ्या. जाडी मोजा, बहुतेक वेळा दीड इंच येते, म्हणजे पाऊण इंची प्लायचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवून क्लॅम्प लावायचे. मरीन प्लाय मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला एक्सटीरियर प्लाय पण चालतो, गोंद दोन्हीत पाण्याचाच असतो, फरक एवढाच की मरीनच्या थरांमध्ये पोकळ्या नसतात. मग सगळीकडून इपॉक्सीचे दोन-तीन हात, आणि कडांना जास्त कारण प्लाय कडेनेच पाणी पितो.

आणि आता खरी गोम, भोकं. एवढं सगळं करून लोक मोटरच्या बोल्टसाठी सरळ ड्रिल मारतात आणि आतलं कोरडं लाकूड उघडं पडतं, पाच-सहा वर्षांत परत भुसा. म्हणून भोक आधी मोठं पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरायचं, सुकलं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. ड्रेनच्या नळीलाही असंच. हे कंटाळवाणं आहे, पण ट्रान्समचं आयुष्य इथेच ठरतं. स्टेनलेसचे बोल्ट चालतील, फक्त पत्र्याला लागतात तिथे टेफ-जेल किंवा ड्युरालॅक अशी दोन धातूंमधला गंज रोखणारी पेस्ट लावा.

प्रश्न: दादा, मी स्टुडंट आहे, 1436 जॉन बोट मिळालीय. मधली सीट कापून पुढे उभं राहून कास्टिंग करायला (गळ लांब फेकायला) डेक आणि कार्पेट टाकायचाय, व्हिडिओमध्ये दोन दिवसांत होतं. (वाचक, ह्यूस्टन)

व्हिडिओत ती बोट पुढच्या वर्षी कशी दिसते ते दाखवत नाहीत. जॉन बोट म्हणजे सपाट तळाची, आणि 1436 म्हणजे 14 फूट लांब आणि तळाला 36 इंच रुंद, अरुंद बोट आहे ती. डेक जितका उंच तितकी बोट डुचमळणार, त्यामुळे डेक सीटच्या उंचीच्या वर नेऊ नकोस, खाली ठेवता आला तर अजून चांगलं.

सीट कापायची घाई करू नकोस. ती आडवी सीट दोन्ही बाजूंना धरून ठेवते आणि तिच्या पोटात फोम असतो, बोट पाण्याने भरली तरी तोच तुला तरंगता ठेवणार. कापायचीच असेल तर तिच्या जागी ॲल्युमिनियम अँगलची आडवी फ्रेम तळाला आणि बाजूंना रिव्हेट कर आणि जेवढा फोम काढलास तेवढा डेकखाली परत घाल. जुना फोम उचलून बघ, पाणी पिऊन दगड झाला असेल तर तसाही बदल. घरांना लावतात तो गुलाबी किंवा निळा पॉलिस्टायरीनचा बोर्ड बरा, फक्त पेट्रोल सांडलं तर तो विरघळतो.

वजनाचा हिशेब कर. 4 बाय 8 चा पाऊण इंची प्लाय साधारण 70 पौंड, म्हणून फ्रेम जवळजवळ लावून अर्धा इंची वापर. बोटीवरच्या कपॅसिटी प्लेटवरच्या (किती वजन चालेल ते लिहिलेल्या पट्टीवरच्या) आकड्यातून हे सगळं वजन वजा होतं, प्लेट तुझ्या डेकसाठी वाढत नाही. कार्पेट नको असं माझं मत, सुकतच नाही आणि वास मारतो. रंगात वाळू मिसळून मार, झालं.

प्रश्न: ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवायची छोटी विजेची मोटर), लाइट, फिश फाइंडर लावायचेत. गाडीसारखं निगेटिव्ह बॉडीला दिलं तर अर्धी वायर वाचेल? (वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन)

नाही नाही नाही. पाण्यातल्या ॲल्युमिनियममधून करंट फिरला की बोटीच्या पत्र्याला भोकं पडतात, आणि पटकन पडतात. प्रत्येक वस्तूला दोन वायर, फ्यूज किंवा ब्रेकर बॅटरीच्या जवळ, आणि घरी आलात की बॅटरी सोडवून ठेवा. जाता जाता, तळाशी पडलेली जुनी तांब्याची पेनी आणि शिशाची वजनं पण उचलून घ्या, ओल्या तळात महिनोन्महिने पडून तीसुद्धा पत्रा खातात.

प्रश्न: आमच्याकडे खाडीत पर्यटकांना फिरवायला ॲल्युमिनियमची जुनी बोट घेतलीय, खाऱ्या पाण्यात टिकेल का? बाहेरच्या बाजूला एका ठिकाणी पत्रा खाल्लाय. (वाचक, मालवण)

ग्रेड बरोबर असेल तर टिकते, 5052, 5083, 5086 हे पत्रे समुद्रासाठीच आहेत. पण भंगारवाल्याकडचा कुठलाही पत्रा आणून ठिगळ मारू नका, 5052 किंवा 5083 मागा आणि बरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागा, दुकानदार तोंड वाकडं करेल पण मागा. खाल्लेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, कोपरे गोल ठेवा, ठिगळाच्या मध्ये सीलंट घालून रिव्हेट करा. जाड पत्र्याची वेल्ड केलेली बोट असेल तर आर्गॉनवाल्या चांगल्या वेल्डरकडे न्या आणि तार 5356 ची आहे ना ते विचारा.

शेवाळ आणि शिंपले लागू नयेत म्हणून लाकडी होडीला लावतात तो तांब्याचा रंग हिला चुकूनही नको, बिनतांब्याचा मिळतो तो घ्या. रंगाआधी एच प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला हात) पाहिजेच, नुसत्या ॲल्युमिनियमवर रंग एका पावसाळ्यात पापुद्र्यासारखा निघतो. पितळेचे नळ, कड्या काढून टाका. ॲनोड, म्हणजे बोटीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, खाडीसाठी ॲल्युमिनियमचा लावा, मॅग्नेशियमचा गोड्या पाण्याचा असतो तो नको, आणि ॲनोडवर रंग मारू नका, मारला तर तो कामच करत नाही. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायला एक पोरगा ठेवा, आतून विसरायचं नाही कारण मीठ फळ्यांच्या खालीच साठतं. आणि पर्यटक बसवणार म्हणजे परवाना आणि लाइफ जॅकेट आधी, डागडुजी झाली की सर्व्हेसाठी दाखवा, नंतर पॅसेंजर.