स्वादुपिंडाची न्यूरोएंडोक्राइन गाठ: पुढे काय, हे कशावरून ठरतं?

प्रश्न: बाबा 58 वर्षांचे. स्वादुपिंडाच्या शेपटाकडची 3 सेंटीमीटरची गाठ काढली. रिपोर्टमध्ये ‘न्यूरोएंडोक्राइन ट्युमर, ग्रेड 2, केआय-67 चार टक्के’ आहे. नातेवाईक म्हणतात, स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणजे फार तर सहा महिने. (घोडबंदर रोड, ठाणे)

नाही. सहा महिन्यांची ती भीती ज्या कॅन्सरमुळे पसरली आहे, तो स्वादुपिंडाच्या नलिकांमधून उठणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा. बाबांची गाठ हार्मोन बनवणाऱ्या पेशींसारख्या पेशींची आहे. अवयव एक, आजार वेगळा. स्टीव्ह जॉब्स यांना याच प्रकारची गाठ होती; निदान 2003 मध्ये झालं, निधन 2011 मध्ये.

केआय-67 म्हणजे शंभरातल्या किती पेशी वाढीच्या फेऱ्यात आहेत त्याचा आकडा. 3 टक्क्यांच्या आत ग्रेड 1, 3 ते 20 ग्रेड 2, त्यावर ग्रेड 3. चार टक्के म्हणजे बाबा ग्रेड 2 च्या उंबरठ्यावर आहेत. अठरा टक्केवालाही ग्रेड 2 मध्येच मोडतो, पण दोघांची वाटचाल सारखी नसते. म्हणून मी घरच्यांना नेहमी सांगतो, ग्रेडवर थांबू नका, टक्के वाचा. मग त्याच रिपोर्टमध्ये बघा: किती लिम्फ नोड तपासले, किती बाधित निघाले, कडा मोकळ्या आहेत का, रक्तवाहिनीत शिरकाव आहे का. यातलं काही लिहिलेलं नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडे मागा, संकोच करू नका. शंका उरली तर स्लाइड आणि ब्लॉक घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा. हा आजार संथ आहे, त्यामुळे उशिराही परततो. पाच वर्षं झाली म्हणून स्कॅन बंद करू नका. निदान दहा वर्षं पाठपुरावा हवाच.

प्रश्न: आईच्या लिव्हरमध्ये गाठी पसरल्यात, केआय-67 आठ टक्के. इंटरनेटवर वाचलं, असे चारातले एकच जण पाच वर्षं जगतात. (खारघर)

तुम्ही वाचलेला आकडा सगळ्यांना एका पोत्यात भरतो: संथ गाठीवाले, अतिवेगाने वाढणाऱ्या कार्सिनोमाचे, आणि आजचे उपचार मिळाले नाहीत असे जुने रुग्णही. पसरलेला आजार सहसा समूळ जात नाही, हे मी लपवणार नाही. तरी वर्षानुवर्षं बऱ्यापैकी जगणारे पुष्कळ असतात.

आईच्या बाबतीत मी आधी दोन स्कॅन शेजारी ठेवून वेग बघेन. मग लिव्हरचा किती भाग व्यापलाय ते. मग डोटा पेट स्कॅन: गाठी त्यात ठळक उजळल्या तर पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर (ते हार्मोन चिकटण्याच्या जागा) आहेत, म्हणजे ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची इंजेक्शनं आणि ल्युटेशियम उपचार (थेट गाठीपर्यंत किरणोत्सर्ग पोचवणारं औषध) यांना जागा आहे. हे ल्युटेशियम खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होतं. याउलट साध्या एफडीजी पेटमध्ये (पेशी साखर किती ओढतात ते दाखवणारा स्कॅन) गाठी जास्त चमकल्या तर आजार तापट आहे असं धरावं. गाठींनी अचानक वेग घेतला तर पुन्हा बायोप्सी करून घ्या, कारण केआय-67 कायम तेवढाच राहत नाही.

प्रश्न: क्रोमोग्रॅनिन-ए वाढलं. आजार परतला का? मी रोज पॅन्टोप्रॅझोल घेतो. (ऐरोली)

क्रोमोग्रॅनिन-ए म्हणजे या गाठींवर नजर ठेवायला रक्तात मोजलं जाणारं प्रथिन. ते बहुधा त्या गोळीनेच वाढलं असेल. अ‍ॅसिडिटीच्या या गोळ्यांनी हा आकडा चढतो, मूत्रपिंड कमजोर असलं तरी चढतो. डॉक्टरांना विचारून, चालणार असेल तर गोळी दोन आठवडे थांबवून तपासणी पुन्हा करा. एकट्या या आकड्यावर झोप उडवून घेऊ नका.

प्रश्न: सीटी स्कॅनमध्ये योगायोगाने 1.2 सेंटीमीटरची गाठ दिसली. एक डॉक्टर म्हणतात काढा, दुसरे म्हणतात थांबा. (नेरूळ)

गाठ हार्मोन सोडत नसेल, नलिका फुगलेली नसेल आणि केआय-67 कमी असेल, तर 2 सेंटीमीटरच्या आतल्या गाठीवर लक्ष ठेवणं हा मान्य पर्याय आहे. माझं मतही थांबण्याकडेच झुकतं. पहिला स्कॅन सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला एक. घरात कुणाला पॅराथायरॉइड किंवा पिट्युटरीचा आजार असेल, तरुणपणी वारंवार मूतखडे झाले असतील, तर तेही पुढच्या भेटीत सांगा. मेन-1 या आनुवंशिक विकारात अशा गाठी एकापेक्षा जास्त असतात आणि मग भावंडांचीही तपासणी करावी लागते.