व्हिएतनाम युद्धात अमेरिकी जनमत टीव्ही आणि वार्ताहरांमुळेच सैन्याच्या विरोधात गेलं का?

नाही, जनमत फिरलं ते मुख्यतः वाढत्या मृतांमुळे आणि लांबत गेलेल्या युद्धामुळे. हा निष्कर्ष खुद्द अमेरिकी लष्कराचे इतिहासकार विल्यम हॅमंड यांनी अधिकृत इतिहासात मांडला आहे. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत 1967 च्या शरद ऋतूतच ‘सैन्य पाठवणं चूक होती’ म्हणणारे ‘चूक नव्हती’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त झाले होते, म्हणजे 1968 च्या टेट हल्ल्याची (टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या वेळी कम्युनिस्ट फौजांनी केलेल्या मोठ्या हल्ल्याची) दृश्यं घराघरांत पोहोचण्याच्या काही महिने आधी.

लष्कराचं खरं नुकसान त्याच्याच दाव्यांनी केलं. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावमध्ये रोज संध्याकाळी अमेरिकी अधिकारी शत्रूच्या मृतांचे आकडे सांगत, आणि रणभूमीवरून परतलेले वार्ताहर त्यांवर विश्वास ठेवेनासे झाले. नोव्हेंबर 1967 मध्ये व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल वेस्टमोरलँड यांनी वॉशिंग्टनमध्ये युद्धाचा शेवट दृष्टिपथात आल्याचं सांगितलं. जानेवारी 1968 च्या अखेरीस टेट हल्ला सुरू झाला आणि शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले. हे हल्ले लष्करीदृष्ट्या परतवले गेले, पण दिलेला शब्द खोटा पडला होता. माझ्या मते इतकी मोठी चूक कुठल्याही वार्ताहराने केली नव्हती.

मात्र बातम्यांचा काहीच परिणाम झाला नाही, असंही नाही. टेटनंतर त्यांनी राजकीय नेतृत्वाचा आत्मविश्वास नक्कीच हलवला. तरीही दोष पत्रकारांचाच, ही समजूत अनेक अधिकाऱ्यांमध्ये टिकली, आणि 1983 मध्ये ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर चढाई करताना अमेरिकी लष्कराने पहिले दोन दिवस वार्ताहरांना तिथे जाऊच दिलं नाही.