कहरव्याचं वजन बदला

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आहे. स्पॅनिश पॉप गायक रिकी मार्टिनच्या ‘बुएल्वे’ अल्बममधलं ‘ला कोपा दे ला बिदा’ बसवतोय. सूर जुळतात, पण ठेका धरला की गाणं वरातीतलं वाटतं. चुकतंय कुठे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मात्रा आठच आहेत, वजन चुकतंय. कहरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या आपल्या नेहमीच्या ठेक्यात, समेवर (पहिल्या मात्रेवर) भार आणि पाचव्या मात्रेला खाली, म्हणजे बिनभाराची जागा. हे गाणं सांबा या ब्राझिली ठेक्याच्या अंगाचं, आणि सांबात मोठ्या ढोलाचा जड ठोका नेमका पाचवीवर पडतो. हाताला खालीची सवय असते, म्हणून धुम (ढोलकीची खर्जाची बाजू) तिथेच गप्प बसते आणि गाण्याचा कणाच जातो. समेला धुमेवर हलकी थाप, पाचवीला मोकळी आणि भरदार. घिस्सा, म्हणजे धुमेवर हात घासून आवाज ओढणं, अजिबात नको. लावणीत तो गोड लागतो, इथे ठोका लांबवतो.

शाईच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या बाजूला १, ४, ७ या मात्रा वाजवा. आधी तोंडाने म्हणा, ‘एकदोनतीन, एकदोनतीन, एकदोन’, आणि प्रत्येक ‘एक’वर टाळी द्या. बहुतेकांचं इथेच बिघडतं. शेवटचा गट दोनाचा आहे हे विसरून तिन्ही टाळ्या सारख्या अंतरावर पडतात आणि दादऱ्याचा (तीन-तीनच्या ठेक्याचा) भास होतो. मेट्रोनोम ७० वर ठेवा, त्याचा टोला १ आणि ५ वर येऊ द्या. न ढळता जमलं की पाच-पाचने वाढवा.

ऑक्टोपॅडवर शेकरचा (खुळखुळ्यासारख्या वाद्याचा) आवाज घ्या आणि आठही मात्रा भरा. कीबोर्डवरचे ट्रम्पेटचे तुकडे तोडून वाजवा. बोट रेंगाळलं, मींड (सुरावरून सुरावर घसरणं) आली, की पुन्हा बँडबाजाच.

प्रश्न : ‘व्हुएल्वे’ म्हणायचं की ‘बुएल्वे’? रिकीचा एकट्याचा हा पहिलाच अल्बम का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : ‘बुएल्वे’. अर्थ ‘परत ये’. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘व्ही’ हा ‘ब’ होतो, ‘जे’चा घशातला ‘ख’ होतो आणि ‘एच’ मुका असतो. गायकाला ओळी देवनागरीत लिहून द्या, इंग्रजी स्पेलिंगवरून नको.

पहिला नव्हे, चौथा. पुएर्तो रिकोच्या ‘मेनुदो’ या मुलांच्या बँडमध्ये रिकी १९८४ ते १९८९ होता. एकट्याचा पहिला अल्बम १९९१चा, ‘बुएल्वे’ १९९८चा. त्याच वर्षी फ्रान्समधल्या फुटबॉल विश्वचषकाचं अधिकृत गाणं म्हणून ‘ला कोपा’ जगभर गेलं, आणि १९९९मध्ये अल्बमला ग्रॅमी मिळालं. निर्मात्यांपैकी रोबी रोसा हासुद्धा मेनुदोतलाच.