जहाजावर सगळी पब्लिकेशन्स डिजिटल असतील तर कागदी पुस्तकं ठेवायची का?

तुम्ही सेकंड मेट (नेव्हिगेशनचं काम बघणारा अधिकारी) म्हणून पहिल्यांदा साइन ऑन करताय, म्हणजे जहाजावर रुजू होताय, तिथे डिजिटल लायब्ररी आहे, म्हणजे नेव्हिगेशनची आणि नियमांची पुस्तकं संगणकावर आहेत, आणि कॅप्टन म्हणतात "कागदाशिवाय भरवसा नाही". तर कागदी काय काय ठेवायचं, असा तुमचा प्रश्न आहे. कॅप्टनचं ते वाक्य वाचलं म्हणूनच लिहायला बसलो. हेच वाक्य मी २००६ साली ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभ्या उभ्या ऐकून घेतलंय.

बल्क कॅरिअर होतं, मी सेकंड मेट. ब्राझीलमध्ये लोखंडाचं खनिज भरून केप ऑफ गुड होपला वळसा घालून चीनकडे निघालो होतो. महिनाभर जमीन दिसत नाही, आणि तेव्हा वीकली नोटिसा, म्हणजे चार्ट (सागरी नकाशे) आणि पुस्तकांमधल्या दर आठवड्याच्या दुरुस्त्यांचे अंक, कागदावर यायच्या. सिंगापूरला बंकर (इंधन) घ्यायला थांबलो तेव्हा एजंटच्या बोटीतून गठ्ठा आला. आठवडा २६ ते ३१, म्हणजे सहा अंक हवे होते, निघाले पाच. २९ नव्हता. दोनदा मोजले, पाकीट उलटं करून झटकलं. मग करेक्शन लॉगमध्ये "आठवडा २९ मिळाला नाही" असं लिहून सही केली आणि कॅप्टनसाहेबांना सांगितलं, "सर, ऑफिसला मेल टाकून मागवून घेऊ या." सॅटेलाइटचा खर्च मोठा होता. ते म्हणाले, "पुढच्या बंदरात बघू."

पुढचे आठ दिवस बारा ते चारचा वॉच संपला की मी चार्ट टेबलावर. चार्टच्या दुरुस्त्या जांभळ्या शाईने, लाइट लिस्टच्या (दीपगृहांची आणि दिव्यांची यादी) आणि रेडिओ सिग्नल्सच्या (रेडिओ संपर्काची माहिती) चिठ्ठ्या कात्रीने कापून पानोपानी डिंकाने चिकटवायच्या. पाच आठवड्यांचं काम एका माणसाने झोप मोडून केलं आणि ते चोख केलं.

बंदराजवळ पोचलो. रेडिओ सिग्नल्सच्या सहाव्या खंडात, म्हणजे एनपी २८६ मध्ये, पायलट स्टेशनचा (बंदरात जहाज नेणारा वाटाड्या जिथून येतो) जो व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल छापला होता त्यावर हाका मारत राहिलो. पंचवीस मिनिटं उत्तर नाही. मागे जहाजांची रांग, अंगावर येणारा प्रवाह. शेवटी शेजारच्या एका जहाजाने सांगितलं की चॅनेल बदललाय. तो बदल २९व्या आठवड्यात आला होता. हेल्म्समन आणि कॅडेटच्या देखत कॅप्टनसाहेब मला म्हणाले, "पुस्तक तुझ्या ताब्यात, जबाबदारी तुझी." मी लॉग उघडून पुढे धरला. त्यांनी बघितलाही नाही. अप्रेझलमध्ये "निष्काळजी" असा शेरा आला आणि माझं चीफ मेटचं प्रमोशन एक काँट्रॅक्ट पुढे गेलं.

म्हणून स्पष्ट लिहितो: डिजिटल लायब्ररी चांगली आहे, आणि सेकंड मेटसाठी तर फारच चांगली. ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या डिजिटल पब्लिकेशन्समध्ये लाइट लिस्ट, रेडिओ सिग्नल्स आणि टोटलटाइड (भरती-ओहोटीचं गणित) एकाच संगणकावर असतात. दुरुस्ती मेलवर किंवा नेटवरून येते, आणि कोणत्या आठवड्यापर्यंतची दुरुस्ती झाली ते पडद्यावर दिसतं. एखादा आठवडा राहिला असेल तर कॅप्टनलाही दिसतो, सुपरिटेंडंटलाही दिसतो. पाकिटातून अंक गळाला आणि शेरा सेकंड मेटच्या नावावर लागला, असं होत नाही. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पाचव्या चॅप्टरचा नियम २७ पब्लिकेशन्स पुरेशी आणि अद्ययावत हवीत असं म्हणतो. कागद हवाच असं त्यात कुठे नाही.

आता कागदी काय ठेवायचं. इंटरनॅशनल कोड ऑफ सिग्नल्स (जहाजांच्या संकेतांचं पुस्तक) आणि आयएमसारचा (शोध आणि बचावाचं मार्गदर्शक) तिसरा खंड. आणीबाणीत लागणारी ही पुस्तकं छापील असावीत असं आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) सर्क्युलरमध्येच आहे, आणि ते योग्यच आहे. ब्लॅकआउटमध्ये कोणी पासवर्ड टाकत बसणार नाही. बाकीच्यांसाठी तुमच्या फ्लॅगची, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलंय त्याची, मान्यता आणि कंपनीच्या एसएमएसमध्ये (सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम) लिहिलेली बॅकअपची पद्धत बघा. ती फाइल साइन ऑनच्या दिवशीच मागून घ्या, इन्स्पेक्टर आल्यावर नव्हे.

सोलास, मार्पोल (जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाचे नियम), आयएमडीजी (धोकादायक मालाचे नियम) यांची डिजिटल प्रत असेल तर आवृत्ती तपासा. आयएमडीजी दर दोन वर्षांनी बदलतो. ४२-२४ ही दुरुस्ती १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक आहे. जुनी पीडीएफ डेस्कटॉपवर पडलेली असते आणि चीफ मेट घाईत तीच उघडतो. ती उडवून टाका.

तुमचे कॅप्टन एका बाबतीत बरोबर आहेत, तेही सांगतो. पडद्यावर शोधायची सवय लागली की वाचायची सवय जाते. सेलिंग डायरेक्शन्समध्ये (किनाऱ्यांचं आणि बंदरांचं वर्णन देणारी पुस्तकं) बंदराचं नाव टाइप करून तेवढाच परिच्छेद वाचणारे कॅडेट मी रोज बघतो. वरच्या पानावर प्रवाहाबद्दल काय लिहिलंय ते त्यांना माहीत नसतं. पॅसेज प्लॅन (प्रवासाचा मार्ग) करताना तो अख्खा भाग वाचा, पडद्यावर वाचा, पण वाचा. बॅकअपचा संगणकही आठवड्यातून एकदा चालू करून बघा. लायसन्स संपत आलं असेल तर महिनाभर आधी ऑफिसला कळवा, आणि मेलची प्रत ठेवा.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीला एका लग्नात ते कॅप्टनसाहेब भेटले. रिटायर झालेत. जेवताना पुन्हा तेच म्हणाले, "पुस्तक कधी हँग होत नाही." वयाचा मान म्हणून मी गप्प बसलो. आज उत्तर देतो: सर, त्या दिवशी पुस्तक हातात होतं, हँगही झालं नव्हतं, आणि चुकीचं होतं. आठवडा २९ गठ्ठ्यात नव्हता, हे मी सिंगापूरलाच सांगितलं होतं. लॉगच्या त्या पानाची झेरॉक्स अजून माझ्या फाइलमध्ये आहे.