जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही? पंप बदलण्याआधी हे तपासा

नांगरटीचे दिवस सुरू झाले की हायड्रोलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर मागचे अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या, तक्रारी येऊ लागतात. सध्या आलेल्या प्रश्नांत तीन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. सकाळी कल्टिव्हेटर झटकन उचलणारी लिफ्ट दुपारी उचलतच नाही. उचललेला नांगर बांधावर वळेपर्यंत खाली येतो. आणि तिसरी: मिस्त्री म्हणतो पंप गेला, तर नवा टाकावा का? ट्रॅक्टर सगळे जुने, 35 ते 45 अश्वशक्तीचे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नुसत्या अंदाजाने पंप टाकू नका. पंप महागडा असतो, आणि लिफ्ट कमजोर होण्याची कारणे पुष्कळदा तेल, गाळणी, रबरी रिंगा किंवा चुकीच्या जागी असलेला लिव्हर यांतच सापडतात. गाळणी तुंबलेली ठेवून नवा पंप बसवला, तर तोही तेलावाचून घासून लवकर खराब होतो.

खोलाखोलीआधी पाच मिनिटे लिव्हर बघा. पोझिशन (अवजाराची उंची ठरवणारा) आणि ड्राफ्ट (ओढीच्या जोरानुसार खोली सांभाळणारा) असे दोन लिव्हर असतील तर ड्राफ्टचा लिव्हर पुस्तिकेत दिलेल्या जागी ठेवून फक्त पोझिशनच्या लिव्हरने उचलून पाहा. डम्पिंग ट्रॉलीसाठी तेल बाहेर देणारा नॉब असेल तर तो पूर्ण लिफ्टच्या बाजूला फिरलेला हवा. तो अर्धवट राहिला तर तेल दोन्हीकडे वाटले जाते. जुन्या मॅसी 1035 सारख्या ट्रॅक्टरात पंप आतल्या हाउसिंगमध्ये असून पीटीओच्या (अवजारे फिरवणाऱ्या मागच्या) शाफ्टवर चालतो. तिथे पीटीओचा लिव्हर गुंतलेला नसेल किंवा क्लच दाबलेला असेल तर लिफ्ट हलणारच नाही.

आता तेल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, लिफ्ट पूर्ण खाली सोडा, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डीपस्टिक पाहा. लिफ्ट वर असताना मोजले तर सिलिंडरमधले तेल मोजणीत येत नाही आणि पातळी कमी दिसते. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिकचे तेल एकच असते. त्यामुळे ‘गिअरचेच तर तेल आहे’ म्हणून 140 नंबरचे जाड गिअर ऑइल किंवा काढलेले इंजिन ऑइल ओतले, की त्याचा पहिला फटका लिफ्टला बसतो. पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे तेल वापरा, दोन प्रती मिसळू नका.

तेल ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे भाताची चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांनी हे दर हंगामानंतर तपासावे. पाणी ॲक्सलच्या सीलमधून, ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या छिद्रातून) किंवा गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून आत जाते. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. पाणी जड असल्याने मोकळे पाणी आधी बाहेर येते. तेल सगळेच पांढरट झाले असेल तर ते पूर्ण बदला, आणि पाणी शिरण्याची वाट बंद करूनच नवे भरा.

तेल काढले की गाळणी बाहेर घ्या. डिझेलमध्ये धुण्याआधी ती उजेडात धरून नीट पाहा, कारण पुढचा निदानाचा मार्ग तिथेच कळतो. नुसता चिकट गाळ असेल तर साफ करून भागते. पितळी चमक दिसली तर बुश झिजत आहेत, लोखंडी कण दिसले तर गिअर किंवा बेअरिंगकडे लक्ष द्या. जाळी फाटली असेल तर गाळणी बदला. बसवताना सक्शन पाइपची (पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीची) ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग, हमखास नवी घाला. ही रिंग कडक झाली की तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. मग पंप घरघर करतो, तेलाला फेस येतो आणि लिफ्ट धक्के देत उचलते.

सकाळ-दुपारच्या तक्रारीचा उलगडा इथून होतो. थंड असताना लिफ्ट आळशी आणि गरम झाल्यावर बरी, असे असेल तर तेल फार जाड आहे किंवा गाळणी तुंबली आहे. थंड असताना चांगली आणि गरम झाल्यावर कमजोर, म्हणजे आतल्या आत गळती आहे. गरम तेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपातून, रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेतून) किंवा सिलिंडरच्या रिंगेतून निसटते. यातले नेमके कोण, हे पुढच्या दोन चाचण्यांनी ठरवा.

पहिली चाचणी धरून ठेवण्याची. कल्टिव्हेटर पूर्ण उचला, इंजिन बंद करा, फाळाच्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची काठीवर खूण करून घ्या. लोक व मुले लांब ठेवा. थोडे उतरणे जुन्या ट्रॅक्टरात चालते, पण पाच मिनिटांत वीतभर खाली आले तर पिस्टनची ओ-रिंग, सिलिंडर किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह (लिव्हरप्रमाणे तेल सोडणारी-अडवणारी झडप) गळतो आहे. इंजिन चालू असताना लिफ्ट ठरावीक वेळाने मान डोलावत असेल, तर तीही याच गळतीची खूण. उतरलेले पुन्हा वर घेण्याचा तो प्रयत्न असतो. इथे पंपाचा दोष क्वचितच निघतो. मॅसी 1035 मध्ये मात्र कंट्रोल व्हॉल्व्ह पंपातच असतो, म्हणून तिथे तोही तपासावा. पंपाकडून वर जाणाऱ्या उभ्या पाइपच्या दोन्ही टोकांच्या ओ-रिंगाही बघाव्यात.

पिस्टन काढलाच तर ओ-रिंगबरोबर तिला आधार देणारी बॅकअप रिंगही बदला. ओ-रिंग तेलाच्या दाबाच्या बाजूला आणि बॅकअप रिंग तिच्या मागे. उलटी बसवली तर नवी ओ-रिंग फटीत दबून लवकरच फाटते. सिलिंडरवर नखाला लागणारी चर असेल तर नुसती रिंग टिकणार नाही, सिलिंडरच दुरुस्त करावा लागेल. वरचे हाउसिंग जड असते, ते चेन ब्लॉकनेच उचला.

दुसरी चाचणी दाबाची. ती गेज असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. 250 किलो प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत वाचणारे गेज बाहेरच्या ऑइल पोर्टला जोडतात, तेल कामाइतके गरम करतात आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चार-पाच सेकंदच दाब देतात. आकडा पुस्तिकेतल्या दाबाशी ताडून पाहा. कमी वजनावरच व्हॉल्व्ह ‘चीं’ करत उघडत असेल, तर पंप तेल देतो आहे. दोष व्हॉल्व्हचा आहे: त्याची स्प्रिंग सैल पडली आहे किंवा त्याखाली कचरा अडकला आहे. आवाजच नाही, दाबही चढत नाही, तेल व गाळणी ठीक आहे आणि धरून ठेवण्याची चाचणीही चांगली आली, तर मग पंप उघडायला हरकत नाही.

दाब वाढावा म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली जास्तीचे वायसर घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती अगदी धोक्याची आहे. लिफ्ट चार दिवस जोरात उचलते, नंतर पंप किंवा हाउसिंगला तडा जातो. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. दाबाचे बारीक तेल कातडीत शिरले तर जखम किरकोळ दिसली तरी लगेच डॉक्टरकडे जा. उचललेल्या अवजाराखाली काम करताना भक्कम लाकडी ठोकळे लावा, फक्त हायड्रोलिकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका.

सगळे तपासून निर्दोष निघाले आणि तरी रोटाव्हेटर उचलत नसेल, तर वजनाचा हिशेब करा. लिफ्टची क्षमता लोअर लिंकच्या (अवजार जोडायच्या खालच्या दोन दांड्यांच्या) टोकापाशी किंवा त्याच्या 610 मिलिमीटर मागे मोजलेली असते. अवजाराचा भार जितका मागे, तितके उचलणे जड. रोटाव्हेटरला चिकटलेली ओली माती आधी काढा. लोअर लिंकवर तिला वर ओढणाऱ्या उभ्या लिफ्ट रॉडसाठी दोन छिद्रे असतील तर रॉड मागच्या छिद्रात लावा. उंची थोडी कमी मिळते, पण जोर वाढतो.